घर तारण ठेवून चित्रकलेची पदवी घ्यावी का?

*ताई, मी २३ वर्षांची आहे. कॉमर्सची पदवी घेऊन दोन वर्षं हिशेबाच्या नोकरीत आहे. चित्रं लहानपणापासून काढते. आता एका खाजगी कला महाविद्यालयात चित्रकलेच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळालाय. कॉलेज सुंदर आहे, पण फी आमच्या आवाक्यातली नाही. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. दादा म्हणतो, सगळं नेटवर फुकट शिकता येतं, पैसे पाण्यात घालू नकोस. आई काहीच बोलत नाही. नोकरीवरून घरी आल्यावर माझा हात चालत नाही. सध्या गच्चीवरच्या जुन्या पिंपाचं चित्र करतेय, त्याच्या गंजावरचा उजेड काही केल्या जमत नाहीये. पदवी नसेल तर मला चित्रकार म्हणणार कोण? पहिला हप्ता पुढच्या महिन्यात भरायचाय. काय करू? – द्विधा*

द्विधा,

हप्त्याची तारीख डोक्यावर आहे, म्हणून आधी उत्तर सांगून टाकते. घर तारण ठेवू नकोस. आणि दादाचंही ऐकू नकोस.

सगळ्यात सोपा प्रश्न आधी, चित्रकार म्हणणार कोण हा. चित्र विकत घेणारा माणूस प्रमाणपत्र मागत नाही, गॅलरीवालाही मागत नाही. पदवी मागतात ते कॉलेजात शिकवायची नोकरी देणारे आणि काही शिष्यवृत्त्या देणारे. उद्या तुला कॉलेजात शिकवायचं असेल तर पदवी ही अटच आहे, आणि मग सगळं गणित नव्याने मांडावं लागेल. पण तुझ्या पत्रात शिकवण्याचा शब्दही नाही.

पत्रात फी आहे, कॉलेजची इमारत आहे, बाबा आहेत, दादा आहे. चित्राबद्दल एकच वाक्य आहे, गंजावरच्या उजेडाचं, आणि ते वाचून मला तुझी खात्री पटली. नुसती हौस असलेला माणूस 'मला चित्रांची खूप आवड आहे' असं लिहितो. तू नेमकं कुठे अडलीयस ते लिहिलंस.

म्हणून थोडं त्याबद्दलच. चित्र न बघता सांगतेय, पण माझा अंदाज असा की तू गंज उजळ करायला बर्न्ट सिएनात, म्हणजे त्या तांबूस तपकिरी रंगात, पांढरा घालतेयस. पांढरा पडला की तो रंग खडूसारखा गुलाबट होतो आणि ऊब निघून जाते. उजेडाच्या बाजूला पांढऱ्याऐवजी यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा नारिंगी घालून बघ, आणि सावलीच्या बाजूला आकाशातला थोडा निळा-करडा येऊ दे. त्याही आधी तेच पिंप फक्त कोळशाने, काळ्या-पांढऱ्यात कर. बहुतेक वेळा गंज हवा तेवढा उजळ असतोच, आजूबाजूचा भाग पुरेसा गडद झालेला नसतो. डोळे बारीक करून बघ, किंवा चित्र आरशात बघ. आरशाचा सल्ला लिओनार्दो दा विंचीने त्याच्या टिपणांमध्ये देऊन ठेवलाय, पाचशे वर्षांत त्यावर कुणाला फार सुधारणा करता आलेली नाही.

पण हा माझा अंदाज झाला. चित्रासमोर उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला अर्ध्या मिनिटात खरं कारण दिसलं असतं. दादाचं म्हणणं लंगडं पडतं ते इथे. कॅनव्हास ताणायचा कसा, पर्स्पेक्टिव्ह कसं मांडायचं, तैलरंगात खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे का ठेवायचे (नाहीतर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात), हे सगळं व्हिडिओत उत्तम शिकता येतं. तेवढ्यापुरता दादा शंभर टक्के बरोबर. पण व्हिडिओत तुला शिकवणाऱ्याचं चित्र दिसतं. त्याला तुझं चित्र दिसत नाही.

माझी एक मैत्रीण चित्रकला शिकवते. तिच्या वर्गात एकदा मागे बसून होते. एका मुलाने खिडकीतून दिसणारं अंगण केलं होतं. चित्र बरं होतं, पण कुठेतरी मेलेलं होतं, आणि वर्गातल्या कुणालाच कारण सांगता येत नव्हतं. मैत्रीण काही बोलली नाही. तिने दोन्ही तळवे चित्राच्या खालच्या भागावर आडवे धरले. अंगणातली फरशी झाकली गेली आणि खिडकी एकदम जागी झाली. तो मुलगा स्वतःशीच हसला. ती फरशी त्याने सगळ्यात मेहनतीने, एकेक सांधा मोजून रंगवली होती! ते तळवे तुला हवे आहेत. आठवड्याला नाही, तरी महिन्यातून दोनदा तरी.

आता इतिहासाचे दाखले. ते तुला कुणीतरी देणारच, दोन्ही बाजूंनी. फ्रेंच चित्रकार सेझानला पॅरिसच्या एकोल दे बोझार् या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला नाही, हे खरं. पण तो घरी बसून शिकला नाही. तो अकादमी स्विसमध्ये जायचा. तिथे शिक्षक नव्हते, परीक्षा नव्हती. थोडी वर्गणी भरली की समोर मॉडेल बसायचं आणि शेजारी आणखी चित्र काढणारे असायचे. तिथेच १८६१ मध्ये त्याची पिसारो या चित्रकाराशी गाठ पडली, आणि पुढे सेझानला उघड्यावर, निसर्गासमोर बसून बघायला शिकवलं ते पिसारोने. व्हॅन गॉग २७व्या वर्षी चित्रकलेकडे वळला. बार्गच्या ड्रॉइंग शिकवणाऱ्या पुस्तकातले नमुने पुन्हा पुन्हा गिरवत शिकला. १८८६ मध्ये अँटवर्पच्या अकादमीत गेला, तिथे काही आठवड्यांवर टिकला नाही. मग पॅरिसमध्ये कॉर्मोंच्या स्टुडिओत त्याला लोत्रेक आणि एमिल बर्नार हे बरोबरीचे चित्रकार भेटले.

'स्वतःच शिकलेले' म्हणून ज्यांची नावं घेतात, त्यांच्या मागे बघ. समोर मॉडेल, शेजारी बरोबरीचे, आणि त्यातलाच एखादा चार पावलं पुढचा. शाळा सुटली तरी ह्या तीन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. आणि चौथी गोष्ट, जी गोष्टीवेल्हाळ लोक हटकून गाळतात: पोटाला घालत होतं कोण? सेझानचे वडील बँकर होते, दरमहा पैसे पाठवायचे. व्हॅन गॉगचा खर्च त्याच्या भावाने, थिओने उचलला. म्हणजे त्यांना मिळत होता तो वेळ.

कला महाविद्यालयात फी भरून आपण मुख्यतः तोच विकत घेतो. चार वर्षं दिवसभर चित्र काढायची मुभा, आणि 'काय नुसती रेघोट्या मारत बसलीस' असं कुणी म्हणणार नाही याची हमी. ही छोटी गोष्ट नाही. कर्ज नसेल तर मी सरळ म्हटलं असतं, जा. शिष्यवृत्ती मिळाली, कमी फीची सरकारी संस्था मिळाली, किंवा घरात खरोखरच बाजूला ठेवलेला पैसा असला, तर तुझ्या जागी मी एक दिवसही घालवला नसता.

पण कर्ज हा वेळ परत मागून घेतं. चित्रकाराची कमाई सलग नसते. एखादं चित्र विकलं तरी गॅलरीचा वाटा साधारण निम्म्याच्या घरात जातो, आणि उरलेल्यातून फ्रेम, रंग, कॅनव्हास, ने-आण. सहा महिने काहीच विकलं नाही असंही होतं, चांगल्या चित्रकारांचंही होतं. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो, शिवाय शिकत असतानाही व्याज चढतच असतं. म्हणजे पदवीनंतर तू काय करशील? हप्ते फेडायला नोकरी धरशील. बहुधा हिशेबाचीच, कारण तुला ती येते. संध्याकाळी घरी येशील, आणि हात चालणार नाही. आज जिथे उभी आहेस तिथेच पोचशील, फक्त वय वाढलेलं असेल आणि डोक्यावर घराचं कर्ज असेल. त्या घराखातर मग 'विकणारी' चित्रं काढाविशी वाटतील. ती वाईटच असतात असं नाही, पण धास्तीत काढलेलं चित्र ओळखू येतं.

तेव्हा ह्या वर्षी कलाशाळेत जे मिळतं ते सुटं सुटं विकत घे. नोकरीत दिवस किंवा तास कमी करून मिळत असतील तर मिळव, पगार कापला गेला तरी चालेल. घर तारण ठेवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. ते जमत नसेल तर रंगाच्या जवळपासची नोकरी बघ. चित्रकार एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते, आणि एवढाल्या पृष्ठभागावर हात फिरवायची सवय काही वाया जात नाही. लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोर माणूस बसवून चित्र काढणाऱ्यांचा, एखादा गट शोध. एक-दोन मिनिटांच्या पोझ आणि तासन् तास चालणारी एकच पोझ, दोन्ही हव्यात. पहिलीत नजर पळायला शिकते, दुसरीत थांबायला. आणि ज्याचं काम तुला आवडतं असा एखादा चित्रकार गाठ. 'मला शिकवा' म्हणू नकोस, लोक घाबरतात. 'महिन्यातून दोनदा माझी चित्रं बघाल का, मी त्याचे पैसे देईन' असं म्हण. पैसे खरंच दे, फुकटात मिळालेलं मत फार गोड असतं. बरोबरीची दोन-तीन चित्रवेडी माणसं ह्यातूनच भेटतील.

वर्षाच्या शेवटी स्वतःकडे नीट बघायचं. कुणी सबमिशन मागत नसताना तू काम केलंस का? केलं असशील, तर शाळेची गरज तुला वाटत होती त्याहून कमी आहे. कुणी मागे लागल्याशिवाय हात उठतच नाही असं दिसलं, तर लोक ह्याचा अर्थ 'हिच्यात ते नाहीच' असा लावतील. मी तसा लावणार नाही. कित्येक चांगल्या माणसांना चौकट लागते, ठरलेली वेळ लागते, वर्गात रिकाम्या हाताने जायची लाज लागते. तसं असेल तर तू खुशाल शाळेत जा. फक्त परवडणाऱ्या.

हे कॉलेज मनातून जातच नसेल, तर एखाद्या साध्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या स्टुडिओत जाऊन ये. वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी नको, तेव्हा सगळंच झकपक असतं. भिंतीवरची चित्रं एकाच हातची वाटतात का, ते बघ. वाटत असतील तर तो हात बहुतेक प्राध्यापकांचा. ते स्वतः अजून चित्रं काढतात का? मुलांना स्वतःची म्हणून जागा आहे का, की इझल (चित्र ठेवायचा स्टँड) रोज आवरून ठेवायचं? पाच-सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघातिघांशी बोल आणि एवढंच विचार, आत्ता कुठलं चित्र चालू आहे? उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळेल.

राहिले बाबा. त्यांना नाही म्हणणं तुला जड जाणार, कारण ते तुझ्यासाठी एवढं मोठं काही करायला निघालेत. त्यांना नाही म्हण, पण त्यांचे हात रिकामे ठेवू नकोस. घरातली एखादी खोली, निदान खोलीचा एक कोपरा, जिथलं चित्र रात्री आवरावं लागणार नाही, तो त्यांच्याकडे माग. वर्षभर नोकरीचे तास कमी झाले तर घरखर्चातला तुझा वाटा थोडा हलका करा, असं माग. हे त्यांना देता येण्यासारखं आहे, आणि ह्यात कुणाची झोप उडत नाही.

आणि आई काही बोलत नाही म्हणतेस. ते घर तिचंही आहे ना? बाबांशी बोलायच्या आधी तिच्याशी बोल. कर्जाबद्दल तिला काय वाटतं, ते तिला एकटीला गाठून विचार, दादा आणि बाबा समोर नसताना. उत्तर पहिल्या फटक्यात येणार नाही. थोडं थांब.

हप्ता भरायच्या आधी कॉलेजला लेखी विचार की हाच प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का. काही संस्था ठेवतात. हो म्हणाले तर त्यासाठी किती रक्कम भरावी लागते आणि न आल्यास त्यातली किती परत मिळते, हेही लेखीच घे. नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हा पोर्टफोलिओत वर्षभराची जास्तीची चित्रं असतील. सरकारी संस्थांचे आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज कधी निघतात ते मात्र आजच बघून ठेव. त्या तारखा लोक फार चुकवतात.