सिलिकॉनयुक्त पॉलिइमाइड: पॉलिअमिक आम्ल पातळच राहतं, फिल्म तडकते

पॉलिइमाइड म्हणजे उष्णता सोसणारं प्लास्टिक; आधी पॉलिअमिक आम्लाचं घट्ट द्रावण बनतं, ते ओतून तापवलं की पॉलिइमाइडची फिल्म होते. हे आम्ल पातळच राहत असेल तर पाककृती बदलू नका, आधी ओलावा हाकला. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये डायअनहायड्राइड (साखळीच्या दोन घटकांपैकी एक; दुसरा डायअमाइन) हवेतलं पाणी घेतं आणि थोडं थोडं टेट्राआम्ल होतं. वजन बरोबर, पण दोन्ही घटकांच्या रेणूंचं प्रमाण चुकतं. एक टक्क्याच्या फरकाने साखळी साधारण २०० एककांवर थांबते, म्हणून आम्ल पातळ राहतं.

बिस(३,४-डायकार्बॉक्सिफेनिल)डायमिथाइलसिलेनचं डायअनहायड्राइड आणि ४,४'-ऑक्सिडायअनिलीन (डायअमाइन) घेत असाल तर असं करा. ऑक्सिडायअनिलीन २.००२ ग्रॅम कोरड्या डीएमएसीच्या (डायमिथाइलअ‍ॅसिटमाइड, द्रावक) ३३ मिलिलिटरमध्ये, नायट्रोजनखाली पूर्ण विरघळवा. मग बर्फात ठेवून डायअनहायड्राइडची ३.५२४ ग्रॅम भुकटी थोडी थोडी टाका. क्रम उलटा नको: द्रावकातलं पाणी आधी डायअनहायड्राइडलाच गाठतं. भुकटी त्याआधी रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये हवीच. फ्रीजमधली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. काचेवर दव दिसलं म्हणजे आतही तेच होणार. काही तासांत चुंबक जड फिरू लागतो, मधासारखी तार धरते.

फिल्म काचेवर ओतताना दुधाळ झाली तर हवा दमट आहे, कोरड्या पेटीत ओता. ८० अंशांवर रात्रभर, मग १००, २००, ३०० अंशांवर एकेक तास. थेट ३०० वर नेलंत की द्रावक आणि इमाइड होताना सुटणारं पाणी फुगे पाडतं, फिल्म तडकते. आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १७८० आणि १७२० सेमी⁻¹ जवळचे पट्टे दिसले, १६६० चा अमाइडचा गेला, की इमाइड झालं.

सिलिकॉनमुळे साखळी वाकते, रेणू घट्ट बसत नाहीत, म्हणून विद्राव्यता वाढते. काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर प्लास्टिक मऊ पडतं) मात्र उतरतं. लवचिकता हवी म्हणून प्रोपिलवाला डायसिलॉक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन दुवा असलेला) डायअमाइन घातलात, तर उष्णता सोसण्याची ताकदही कमी होते.