चीनची संस्कृती शेजाऱ्यांनी स्वीकारली, तर ते राजकारणातही चीनकडे झुकतात का?

कोरिया, जपान आणि व्हिएतनाम यांनी कन्फ्यूशियसचे विचार, चिनी लिपी आणि राज्यकारभाराची रीत चीनकडून घेतली, मग या समान संस्कृतीमुळे हे देश चीनच्या बाजूला ओढले जातात का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. चीनशी बरोबरीच्या नात्याने वागता यावे आणि गरज पडल्यास त्याला दूर ठेवता यावे, यासाठीच शेजाऱ्यांनी या संस्कृतीचा अधिक उपयोग केला, असे मला वाटते.

व्हिएतनामची राजधानी हनोई येथील वान मिऊ हे 1070 मध्ये स्थापन झालेले कन्फ्यूशियसचे मंदिर मी पाहिले आहे. तेथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे असून त्यांवर 1442 ते 1779 या काळातील दरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे चिनी लिपीत कोरलेली आहेत. परीक्षेच्या दिवसांत आजही विद्यार्थी तेथे हात जोडायला येतात, मात्र रोमन लिपीत शिकलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना शिलालेखांतले काहीच वाचता येत नाही. मंदिरातून बाहेर पडून शहरात फिरू लागले, की रस्त्यांच्या पाट्यांवर हाय बा त्रुंग (म्हणजे त्रुंग भगिनी), ली थुओंग कियेत, त्रान हुंग दाओ, ले लॉय अशी नावे दिसतात, आणि ही सगळी माणसे चीनमधून आलेल्या सैन्यांशी लढलेली आहेत.

जुन्या काळातील या संबंधांना आपल्याकडे सर्रास ‘खंडणी’ म्हटले जाते, पण हा शब्द दिशाभूल करतो. खंडणी धाकाने वसूल केली जाते. शेजारी राजांचे दूत चीनच्या दरबारात जे घेऊन जात, ते नजराण्याच्या अधिक जवळचे होते. त्याच्या बदल्यात राजाला पदवी आणि मुद्रा मिळे, दूतांना भरघोस परतभेटी मिळत आणि सोबत आलेल्यांना व्यापाराची संधी मिळे. व्हिएतनामच्या ले लॉयने सुमारे दहा वर्षे लढून 1427 मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या सैन्याला देशाबाहेर काढले, आणि त्यानंतर त्याच मिंग दरबाराकडे नजराणा पाठवून संबंध सुरळीत केले. 1789 च्या आरंभी व्हिएतनामच्याच क्वांग त्रुंग या राजाने हनोईजवळ चीनच्या पुढच्या, म्हणजे छिंग घराण्याच्या सैन्याचा दारुण पराभव केला आणि त्याच वर्षी छिंग सम्राटाकडून आपल्या राजेपदाला मान्यता मिळवली. हे राजे घरी स्वतःला सम्राट म्हणवत आणि चीनला लिहिताना केवळ राजा म्हणवून घेत. दोन्ही बाजूंना या दुटप्पीपणाची कल्पना असावी, पण त्यामुळे युद्धाचा खर्च वाचत होता.

कोरियाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1592 मध्ये जपानच्या हिदेयोशीने कोरियावर आक्रमण केले तेव्हा मिंग चीनने खरोखरच सैन्य पाठवले. त्यामागे चीनच्या स्वतःच्या सीमेची काळजीही होती, तरी कोरियाच्या दरबाराने हे उपकार पुढे पिढ्यान्‌पिढ्या मानले. 1644 मध्ये मांचूंनी, म्हणजे छिंग घराण्याच्या ईशान्येकडील लोकांनी, मिंगांच्या जागी बीजिंग घेतल्यावर मात्र त्याच निष्ठेला वेगळे वळण लागले. मांचू हे रानटी, खरी चिनी सभ्यता आता आपल्याकडेच उरली आहे, असे कोरियन विद्वान मानू लागले. दरबार मांचूंना नजराणा पाठवत राहिला आणि विद्वान खासगी लिखाणात शेवटच्या मिंग सम्राटाचाच कालगणनेसाठी उल्लेख करत राहिले. चीनच्या राज्यकर्त्यांना कमी लेखण्याचे साधन चीनच्याच संस्कृतीने पुरवले होते.

आजचे चित्र फारसे निराळे नाही. चीनने 2004 मध्ये चिनी भाषा व संस्कृती शिकवणारी आपली पहिली कन्फ्यूशियस संस्था दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये उघडली. पण 2016 मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा स्वीकारण्याचे ठरवताच चीन नाराज झाला, कोरियन मालिका आणि गायक चिनी पडद्यावरून दिसेनासे झाले, आणि जुना सांस्कृतिक स्नेह त्या वेळी कामी आला नाही. उलट सामाईक वारशातून भाऊबंदकीच अधिक निघते. 2020 मध्ये किमची हा आंबवलेल्या भाज्यांचा पदार्थ कोणाचा, यावर दोन्ही देशांच्या समाजमाध्यमांवर कडाक्याचे भांडण झाले. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनमधील विविध वंशांच्या प्रतिनिधींमध्ये हानबोक हा कोरियन पोशाख घातलेली एक स्त्री दिसली, तेव्हा सोलमध्ये संतापाची लाट उसळली. त्यावर, हा पोशाख कोरियन द्वीपकल्पातील लोकांचा आहे तसाच चीनमधील कोरियन वंशाच्या लोकांचाही आहे, असा खुलासा चिनी दूतावासाला करावा लागला.