जावात पॅरेंट क्लासचा ऑब्जेक्ट चाइल्ड क्लासमध्ये कसा बदलायचा? कास्ट केलं तर रन करताना एरर येतो

भाऊ, बदलत नसतो. खरं म्हणजे उत्तर एवढंच आहे, पण तू खाली जे लिहिलंस ना, "आमचे सर म्हणतात एम्प्लॉयीला मॅनेजरमध्ये कास्ट कर, होतं", ते वाचून राहवलं नाही.

ऑब्जेक्ट न्यू करताना ज्या क्लासचा झाला त्याच क्लासचा राहतो. कास्ट लिहिलं म्हणजे तू कंपायलरला (कोड रन होण्याआधी तपासतो तो) फक्त एवढं सांगतोस की ह्या व्हेरिएबलमागे मॅनेजर बसलाय, माझ्यावर सोड. मॅनेजर हा एम्प्लॉयीचाच चाइल्ड असल्यामुळे कंपायलर म्हणतो असेल बुवा, आणि सोडून देतो. रन करताना जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवते ती, बघते तर आत साधा एम्प्लॉयी, की आला क्लासकास्टएक्सेप्शन, तुझा तो एरर. दोन क्लासचं नातंच नसतं तर कंपायलरनेच दारातून हाकललं असतं. आणि काहून होईल सांग, मॅनेजरमध्ये जो टीमसाइझ आहे तो एम्प्लॉयीमध्ये कुठून येणार? सरांचं "होतं" हे तेव्हाच होतं जेव्हा तो ऑब्जेक्ट आधीपासूनच न्यू मॅनेजर करून बनवलेला असतो. मला वाटतं सर सी प्लस प्लसवाले असतील. तिथे कन्स्ट्रक्टर किंवा कन्व्हर्जन ऑपरेटर लिहून ठेवला की कास्ट खरंच चालतं, "क्लास टू क्लास कन्व्हर्जन" म्हणून आपण सगळ्यांनीच ते पाठ केलंय. पण तिथेही जुना ऑब्जेक्ट जिथल्या तिथे असतो, नवीन बनतो. जावात हा नवीन तुलाच बनवावा लागतो, म्हणजे एकातली व्हॅल्यू काढ, दुसऱ्यात टाक.

आता कोणीतरी येऊन सांगेलच की कशाला हाताने टाकतो, बीनयुटिल्सचं कॉपीप्रॉपर्टीज वापर, एका ऑब्जेक्टचे सारख्या नावाचे फील्ड दुसऱ्यात टाकणारी तयार मेथड, एका ओळीत काम. त्याच्यासाठी ही गोष्ट.

२०१९ ला मी इथल्या, नागपूरच्या आयटी पार्कमध्ये एका छोट्या कंपनीत होते, नाव नाही सांगत. कळमन्याच्या बाजारातल्या एका संत्र्याच्या अडत्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करत होतो. एक सौदा क्लास, लिलाव झाला की भरायचा, आणि एक बिल क्लास, व्यापाऱ्याला द्यायचा. वजन, भाव, तोलाई, अडत (अडत्याचं कमिशन), असे फील्ड दोन्हीकडे. मी सौद्यावरून बिल बनवायची मेथड लिहिली, सगळे सेटर (एकेका फील्डमध्ये व्हॅल्यू टाकणाऱ्या मेथड) हाताने, एकतीस ओळी. आमच्या लीड सरांनी ती सगळ्यांसमोर स्क्रीनवर लावली आणि म्हणाले की ही हमाली करायला ठेवलंय का तुला, ह्या पन्नास ओळी उडव. मग स्वतःच स्प्रिंग ह्या जावा फ्रेमवर्कमधली कॉपीप्रॉपर्टीजची ती एक ओळ टाकली, पोरं हसली, मीही हसले, काय करणार.

मग आंबिया बहाराच्या संत्र्याची आवक जोरात सुरू झाली. डबल ह्या दशांश आकड्यांच्या टाइपमध्ये पैशांचा हिशेब पैसा-दोन पैसे इकडेतिकडे होऊन राहिला होता म्हणून सरांनी बिलमधली अडत बिगडेसिमल ह्या अचूक टाइपची केली, जे बरोबरच होतं, पैसे डबलमध्ये ठेवूच नयेत. पण सौद्यातली अडत डबलच राहिली. स्प्रिंगचं कॉपीप्रॉपर्टीज नाव बघतं आणि टाइप बघतं, टाइप जुळला नाही की तो फील्ड गपचूप सोडून देतं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. बिलात अडत नल, म्हणजे रिकामी, आणि टोटलच्या कोडमध्ये नल असेल तर शून्य धरायची ओळ. तीन दिवस व्यापाऱ्यांना बिनाअडतीची बिलं गेली! अडत्याची कमाईच ती, राजेहो. पकडलं कोणी तर तिथल्या मुनीमजींनी, त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता म्हणून ते वहीत पेनाने वेगळं लिहून ठेवायचे. तोवर माल भरून ट्रक निघून गेलेले, मग फोन करकरून वसुली. आणि मीटिंगमध्ये सर माझ्याकडे बघून म्हणाले, टेस्टिंग नीट होत नाही आपल्याकडे. माझे हाताचे सेटर असते तर त्याच मिनिटाला बिल्ड लाल झाला असता, म्हणजे कोड कंपाइलच झाला नसता, डबल बिगडेसिमलच्या सेटरमध्ये जातच नाही. हे मी तेव्हा बोलले नाही.

ह्याच नावाची मेथड अपाचे कॉमन्स ह्या दुसऱ्या लायब्ररीच्या बीनयुटिल्समध्येपण आहे आणि तिथे क्रम उलटा, आधी कुठे टाकायचं ते, मग कुठून. स्प्रिंगमध्ये आधी कुठून. आयडीईने (कोड लिहायच्या एडिटरने) चुकीच्या लायब्ररीचा इम्पोर्ट घेतला की रिकामा ऑब्जेक्ट भरलेल्यावर कॉपी होतो. शिवाय कॉपी वरवरची असते, आत लिस्ट असेल तर दोघांची लिस्ट एकच.

तुझ्यासाठी म्हणशील तर मॅनेजरला एक कन्स्ट्रक्टर दे, एम्प्लॉयी आणि टीमसाइझ घेणारा, संपलं. पण त्याआधी विचार कर की मॅनेजर हा वेगळा क्लास हवाच कशाला, बढती झाली म्हणून रोज ऑब्जेक्ट नवीन बनवत बसणार का, एम्प्लॉयीमध्येच पद नावाचा फील्ड ठेव.

हां, खरं सांगायचं तर नल म्हणजे शून्य ही ओळ माझीच होती. आणि हाताच्या सेटरमध्येही नवीन फील्ड आला आणि टाकायचा राहिला तर तितकंच गपचूप राहतं, म्हणून आता मी सगळं कन्स्ट्रक्टरमधूनच देते, राहिलं की कंपाइलच होत नाही. जावा १६ पासून रेकॉर्ड आहेत, म्हणजे सगळे फील्ड कन्स्ट्रक्टरमधूनच घेणारे छोटे क्लास, तेही चालतील. फील्ड खूपच असतील तर मॅपस्ट्रक्ट नावाचं टूल वापर, तो कंपाइल करतानाच कॉपीचा कोड बनवतो, डबलचं बिगडेसिमलही करून देतो, फक्त त्याची अनमॅप्डटार्गेटपॉलिसी ही सेटिंग एररवर ठेव, नाहीतर एखादा फील्ड भरायचा राहिला तर नुसती वॉर्निंग देतो आणि वॉर्निंग कोण वाचतं. म्हणजे हाताने लिहू नये हे सरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

पण सर, वाचत असाल तर, ओळी एकतीस होत्या. पन्नास नव्हत्या.