मुलगा काही मागत नाही, फक्त सांगितल्याच्या उलट करतो. त्याला 'हट्टी' म्हणणं बरोबर आहे का?

नाही, आणि प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलेला तो शेरा तुम्हाला खटकला हे योग्यच झालं. मी नाशिकला पंचवटीत मराठीच्या शिकवण्या घेते. प्रगतिपुस्तकांत 'हट्टी' हा एकच शब्द सगळ्या पोरांना चिकटवलेला बघून जीव तुटतो.

हट्टाला काहीतरी हवं असतं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, फिरायला नेलं की फुग्यासाठी फरशीवर लोळण घेतं, ते पोर हट्टी. म्हणून तर आपण हट्ट 'पुरवतो'. हेका पुरवला असं कधी ऐकलंय? हेका धरतात, चालवतात, फार तर सोडतात. त्यात मागणं नसतंच, 'माझंच खरं' एवढंच असतं. तुमचा मुलगा हेकेखोरही वाटत नाही, कारण तो एका गोष्टीला धरून बसत नाही. आंघोळीला चल म्हटलं की जेवायला बसतो, जेव म्हटलं की न्हाणीत शिरतो, असं तुम्हीच लिहिलंय. याला 'उफराटा' म्हणतात. आमची आजी 'उफराट्या डोक्याचा' म्हणायची.

अडेलतट्टूही नाही. ते तट्टू चालता चालता जागीच अडतं, चाबूक ओढला तरी पाऊल टाकत नाही. तुमचा उलटा का होईना, चालतो.

'ओढाळ' शब्द मात्र जपून वापरा. दिंडोरीकडे आजोळी एक ओढाळ कालवड होती. गोठ्यात पेंढी पुढ्यात असायची, तरी दावं सुटलं की शेजारच्या हरभऱ्यात. शेवटी आजोबांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं, बाभळीचा हातभर ओंडका. धावली की तो पुढच्या गुडघ्यांवर आपटायचा. तिथली सोललेली कातडी मला अजून दिसते. शब्द कुठून आलाय ते ठाऊक असलं की पोरासाठी तो सहज तोंडातून निघत नाही.

'व्रात्य' त्यामानाने लाडाचा झालाय. संस्कृतात तो ज्याची वेळेवर मुंज झाली नाही त्याच्यासाठी होता, आज खोडकर पोराला कौतुकानेही म्हणतात. आणि 'जिद्दी' तर शाबासकीच. हिंदीत 'जिद्दी बच्चा' ही तक्रार असते, मराठीत 'जिद्दी मुलगी' म्हटलं की आईची मान ताठ होते.

पुढच्या पालकसभेत बाईंना एवढंच विचारा: तो काय मागतो? काहीच मागत नसेल, तर 'सांगितल्याच्या उलट वागतो' असं लिहायला सांगा.