दादा म्हणतो, मोर्चानं विहिरीला पाणी येत नाही

पत्र: ताई, नमस्कार. गिरणाकाठी भडगाव तालुक्यात आमचं गाव. आम्हा दोघा भावांची पाच एकर शेती आहे, चार एकर कपाशी आणि एकरभर केळी. वाळूउपशाविरुद्धच्या समितीत मी दोन वर्षं आहे. गेल्या वर्षी मोर्चे, उपोषणं, जिल्ह्याच्या चकरा यांत माझे चाळीसेक दिवस गेले. फवारणी आणि रात्रीचं पाणी भरणं दादानं एकट्यानं ओढलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तिच्यासमोरच वाद झाला. दादा म्हणाला, “मोर्चानं विहिरीला पाणी येत नाही. त्यापेक्षा विहीर पुनर्भरण कर, रानातलं पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोड.” मी म्हणालो, “तू टोपलीनं भरशील, वाळूवाले डंपरनं नेतील.” तीन आठवडे झाले, बोलणं बंद आहे. आंदोलन सोडलं तर समितीतल्या पोरांना तोंड कसं दाखवू? आणि नाही सोडलं तर घर फुटेल.

उत्तर: भाऊ, तुमच्या भांडणात दोघांनीही पाण्याचा हिशेब मांडलेला दिसत नाही. तो आधी मांडू.

एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं एक लाख लिटर. काळ्या जमिनीवरून त्यातला पाचवा हिस्सा वाहून जातो असं धरा, म्हणजे 20 हजार लिटर. वाहून जाण्याजोगे असे दमदार पाऊस मोसमात पंधरा झाले, तर पाच एकरांचे 15 लाख लिटर होतात. पण सगळं रान विहिरीकडे उतरत नाही, आणि मुरलेलं सगळं पाणी तुमच्याच विहिरीत थांबत नाही. निम्मं धरा. चार एकर कपाशीला बोंडं भरताना एक मोकळं पाणी त्यातून निघतं. पीक हातचं जातं की राहतं, ते याच एका पाण्यावर ठरतं. तेव्हा दादाचं म्हणणं खोटं नाही.

आता केळी. पाच बाय पाच फुटांवर एकरी 1,742 झाडं. ठिबकवरही झाडामागे रोज सरासरी 12 लिटर धरलं, तर दिवसाला 20 हजार लिटरच्या वर जातात. एका एकरावरच्या एका दमदार पावसाची सगळी कमाई केळी एका दिवसात पिते. शेतातल्या पुनर्भरणावर केळी निघणार नाही. ती काठावरच्या विहिरीच्या जोरावर उभी आहे आणि ती विहीर नदीतल्या वाळूच्या जोरावर.

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट वाळू. तिच्यात साधारण तिसरा हिस्सा पोकळी असते, म्हणजे साडेआठशे-नऊशे लिटरची जागा. त्यातलं सगळं निथळून विहिरीकडे येत नाही, काही पाणी कणांना धरून राहतं. ब्रासमागे 600-700 लिटर धरा. तीन ब्रासचे दहा डंपर एका रात्रीत भरले, की 20 हजार लिटरची साठवण गावाच्या हातून गेली. शिवाय ती एकदाच जात नाही. गिरणा धरणाचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की ही जागा दर खेपेला भरायची आणि पुढचे काही आठवडे काठच्या विहिरींना पुरवत राहायची. वाळू गेली की आवर्तनाचं पाणी उघड्या खडकावरून सरळ पुढे निघून जातं. तुमचंही म्हणणं खोटं नाही.

बारीपाड्याचं उदाहरण दादा नक्की देईल, आणि द्यायलाच हवं. साक्री तालुक्यातल्या त्या आदिवासी गावानं चैत्राम पवारांच्या पुढाकारानं जंगल राखलं, दंड आणि पहारा स्वतःच बसवला. 2025 ला पवारांना पद्मश्री मिळाली. पण तिथं पाणी जिथून उतरतं ते जंगल गावाच्या डोळ्यांसमोर आहे. तुमची नदी नाशिक जिल्ह्यातून येते. तुमची गत पांझरा नदीकाठच्या फडांसारखी आहे. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावानं मिळून भिजवायची शेती. फडाइतकी स्वावलंबी व्यवस्था खानदेशानं दुसरी पाहिली नाही. बंधारा गावाचा, पाणी देणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या गावाचे, कोणत्या फडात कोणतं पीक हेही गावच ठरवणार. शतकानुशतकं हे चाललं. मग वरच्या अंगाला धरणं झाली, खालच्या बंधाऱ्यांना येणारं पाणी आटलं आणि कितीतरी फड ओस पडले. पाटकऱ्याच्या कामात खोट नव्हती. वर काय ठरतंय त्यात फडाला बोलायला जागाच नव्हती.

म्हणून आंदोलन सोडू नका. पण तुमची आंदोलनाची रीत बदला, असं मी स्पष्ट सांगेन. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोर्चाला जाणं थांबवा. चाळीस दिवसांतले तीस दिवस घोषणा देण्यात गेले असतील, तर अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमच्या गावाचं काय पडलं? “पाणी खाली गेलं” हे वाक्य त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. गट नंबर, तारीख आणि फुटांतलं माप असलेला कागद मात्र फाईलला लावावाच लागतो.

तो कागद विहिरीवरच तयार होतो. दहा विहिरी निवडा, पाच नदीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या आणि पाच लांबच्या. प्रत्येकीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा. महिन्याच्या 1 तारखेला पहाटे, रात्रभर मोटर बंद असलेली पाहून माप घ्या. इथंच बहुतेक जण चुकतात. चालू मोटरच्या विहिरीचं माप काही फुटांनी खोटं येतं आणि समोरचा तेवढ्यावरून सगळी वही बाद ठरवतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. तुमच्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागून घ्या आणि शेजारी लिहा. पाऊस सगळ्यांना सारखाच झाला आणि लांबच्या विहिरी जागेवर राहून काठच्याच खाली गेल्या, तर बोट वाळूकडे जातं. मेअखेरचं, म्हणजे 1 जूनचं, माप चुकवू नका, ते पुन्हा वर्षभर मिळत नाही.

हा कागद ग्रामसभेत ठेवा. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. ठराव मोघम नको. जागा, तारखा, मापं त्यात लिहून घ्या. सही-शिक्क्याची नक्कल घ्या, ती तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे द्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 48(7) आणि 48(8) लिहा; बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनजप्ती त्यातून होते. वाळूचं धोरण 2023 ला बदललं, 2025 ला पुन्हा बदललं, त्यामुळे तुमच्या वाळूघाटाचा चालू परवाना आणि पर्यावरण मंजुरी माहिती अधिकारात मागा. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, पुण्याच्या खंडपीठाकडे जायची वेळ आली, तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. पहिला खड्डा कधी दिसला, ती तारीख आजच वहीत टाका.

आणि रात्री डंपरला आडवं होऊ नका. नंबर, वेळ, लांबून फोटो, मग 112 ला फोन, एवढंच. एकटं तर अजिबात जाऊ नका.

दादाचं काम या मे महिन्यातच करा, कारण जूनमध्ये मातीचा गारा होतो. विहिरीपासून आठ-दहा फुटांवर दोन खड्डे घ्या. पहिला गाळाचा, पाच बाय तीन फूट, तीन फूट खोल. दुसरा गाळणीचा, सहा फूट लांब-रुंद-खोल. दुसऱ्यात तळाला फूटभर मोठे दगड, वर फूटभर खडी, मग शेडनेटचा दुहेरी थर आणि वर फूटभर वाळू. नेट विसरलात तर दुसऱ्या पावसात वाळू खडीत उतरते आणि गढूळ पाणी थेट विहिरीत जातं. तळातून सहा इंची पाइप, त्याच्या तोंडाला जाळी. विहिरीच्या आत पाइप दोन-तीन फूट पुढे काढा, नाहीतर पाणी भिंतीला धरून उतरतं आणि बांधकाम ढासळतं. पहिले दोन पाऊस बाहेर सोडा. फवारणीनंतरच्या पावसातही तोंडावर फळी लावा. प्यायच्या विहिरीत शेताचं पाणी कधीच नको. काळ्या रानाचा बारीक गाळ पहिल्या खड्ड्यातही नीट बसत नाही, तो वाळूवर साय धरतो. वरची दोन-तीन इंच वाळू दरवर्षी खरवडून बदलावी लागते. हे न केल्यानं तिसऱ्या वर्षी बंद पडलेली पुनर्भरणं गावोगाव दिसतात. गाळणीला लागणारी वाळू ब्रासच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. ती पावतीचीच घ्या.

समितीतल्या पोरांना तोंड दाखवायची भीती सोडा. दहा विहिरींची वही घेऊन गेलात तर बैठकीत पहिलं तुम्हालाच बोलायला सांगतील. घरची बाजू मात्र नाजूक आहे. आखाजीला बहिणीसमोर जे बोललात, त्याबद्दल आधी तुम्ही नमतं घ्या. गेल्या वर्षीची फवारणी दादानं ओढली, हे त्याला तोंडानं सांगा. नुसतं मनात ठेवून त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुढच्या वर्षी समितीचे दिवस किती, ते दोघांनी बसून ठरवा आणि फवारणीच्या आठवड्यात जायचं नाही, हे त्यातच ठरवून टाका.

आणखी एक माप पावसाआधी घ्यायचं राहतं, ते नदीच्या तळाचं. दोन्ही काठांवर लोखंडी गज ठोका, त्यांच्यामध्ये नायलॉनची दोरी ताणा आणि दर 15 फुटांवर दोरीपासून तळापर्यंत टेप सोडा. पूर ओसरल्यावर त्याच गजांवरून पुन्हा मोजा. पात्र रुंद आहे, दोरीला झोळ पडला तर माप फसतं, म्हणून मधे बांबूचे टेके द्या आणि पाण्याच्या नळीनं दोरीची पातळी बघा. दोरी एकट्याला ताणता येत नाही. पलीकडच्या काठावर उभं राहायला दादाला विचारा.