तिळाला फुलांऐवजी पालवी का फुटते?

प्रश्न : तीळ फुलोऱ्यात आला, पण रानात इथे एक, तिथे एक अशा झाडांच्या शेंड्याला फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके आलेत. बोंडे धरत नाहीत. शेजारच्या उसात तणनाशक मारले होते, त्याने झाले असेल का? की बियाणेच खराब?
– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : दोन्ही नाही. तणनाशक वाऱ्याने आले असते तर उसाच्या बांधालगतची झाडे सरसकट पिळवटली असती. हा पर्णगुच्छ रोग. झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जिवाणू तो घडवतो आणि तुडतुडे रस शोषताना तो झाडाझाडांत पसरवतात.

एक झुबका ब्लेडने उभा चिरा, शेजारी निरोगी फूल चिरून ठेवा. निरोगी फुलात बाहेर पाच निदले, मग पाकळ्या जुळून झालेली नळी, आत चार पुंकेसर, मधोमध बीजांडकोश. रोगट फुलात पाकळ्या हिरव्या, पुंकेसर पानासारखे चपटे आणि बीजांडकोशातून चक्क नवा कोंब!

फुलाचे अवयव म्हणजे बदललेली पानेच, हे जर्मन कवी गटे यांनी १७९० मध्ये मांडले होते. त्यामागची जनुकांची जुळणी शास्त्रज्ञ कोएन आणि मेयरोविट्झ यांनी १९९१ मध्ये मांडली. जनुकांचे तीन गट धरा : अ, ब आणि क. एकट्या ‘अ’ गटाने निदल, अ-ब मिळून पाकळी, ब-क मिळून पुंकेसर, एकट्या ‘क’ने स्त्रीकेसर. तिन्ही गट बंद पडले की सगळीकडे पानेच. फायटोप्लाझ्माचे एक प्रथिन फुलाची घडण ठरवणारी प्रथिने मोडते, म्हणून फूल पुन्हा पानावर येते.

आता उपाय. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळा, १०० लिटर पाणी करून फवारा. तुडतुडे कमी झाले की रोगट झाडे उपटून जाळा. आधी उपटाल तर उडालेले तुडतुडे चांगल्या झाडांवर बसतील. बुरशीनाशकावर पैसे घालू नका, ही बुरशी नव्हे. लागलेले झाड सुधारतही नाही.

प्रश्न : मग डबल जास्वंद हाही रोगच का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. अशा डबल फुलांत सहसा ‘क’चे काम मध्यभागी कमी पडते आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. बी क्वचितच धरते, म्हणून ही जास्वंद फांदी लावूनच वाढवतात. फूल उलगडून पाहा : कडेला परागकोश चिकटलेली एखादी अर्धवट पाकळी हमखास सापडेल.