भोसरी सोडून शिरवळ की सुपे? शेडच्या भाड्याआधी गाडीचा हिशोब करा

तुमचा प्रश्न नीट वाचला. भोसरीत मशिनिंगचं युनिट आहे, शेडचं भाडं परवडेनासं झालंय, एजंट शिरवळ (सातारा रस्ता) आणि सुप्याच्या (नगर रस्ता) जागा दाखवतोय, दोन्हीकडे "हायवे टच" म्हणतोय, एक्स्पोर्टचीही चौकशी आली आहे, आणि पुण्याची कनेक्टिव्हिटी एवढी भारी आहे तर पन्नास-पाऊणशे किलोमीटर लांब गेलं तर काय बिघडतं असं तुम्ही विचारलंय. मी वीसेक वर्षं ऑटो पार्ट्सच्या डिस्पॅचमध्ये काढली आहेत, चाकण पण बघितलं आणि रांजणगाव पण, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

हायवेला लागून शेड असणं हा फायदा नाही. पाहिजे तेव्हा गाडी मिळणं आणि ती ठरल्या वेळेला पोचणं, हा फायदा. या दोन गोष्टी जिथे मिळतात तिथे भाडं जास्त असतंच, आणि त्या सोडून स्वस्त शेडमध्ये गेलं की वाचलेले पैसे ट्रान्सपोर्टच्या बिलात, डबल स्टॉकमध्ये आणि कस्टमरच्या डेबिट नोटमध्ये (उशिरासाठी तो कापतो ते पैसे) जातात.

भोसरीत आज जे न मागता मिळतंय ते आधी लिहून काढा. प्लेटिंगवाला दोन गल्ल्या सोडून, हीट ट्रीटमेंट जवळ, टूल ग्राइंडिंग जवळ, सगळं छोट्या हत्तीच्या एका फेरीत होतं. संध्याकाळी सहाला फोन केला तरी टेम्पो दारात येतो कारण त्या भागात टेम्पोच तेवढे आहेत. बाहेरगावच्या चार पेट्या असल्या तर निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत पार्ट लोडमध्ये टाकल्या की झालं, पूर्ण गाडी करायची गरजच नाही. आणि पुण्यात माल टाकून गाडी सहसा रिकामी परत जात नाही, रिटर्न लोड मिळतो, म्हणून गाडीवाला भाड्यात मागेपुढे करतो. जिथे रिटर्न लोड नाही तिथे तो जाऊन-येऊन दोन्हीचं भाडं लावणार आणि त्याचं काही चूक नाही, डिझेल त्यालाही लागतं. सुप्यात गेलात आणि प्लेटिंगचा प्रत्येक लॉट परत भोसरीला पाठवायला लागला तर तो खर्च एजंटच्या कागदावर कुठेच नसतो. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी हीच धरत नाहीत.

पूर्वी जागा निवडायचं गणित वेगळं होतं. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत जकात होती, चाकण हद्दीबाहेर, त्यामुळे तिकडे जाण्यात तोही एक फायदा दिसायचा. 2013 मध्ये जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, मग तो गेला, 2017 ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे करनाकेपण गेले आणि इथून होसूर-चेन्नईचा माल बराच सुटसुटीत जायला लागला. म्हणजे करासाठी जागा निवडायचा हिशोब जवळपास संपला, आता उरला वेळ. चाकण वाढलं ते पण वेळेच्या जोरावरच वाढलं असं मी म्हणेन: न्हावाशेवा बंदर 1989 पासून सुरू होतंच, एक्स्प्रेसवे 2002 ला पूर्ण झाला, आणि मग 2009 ला फोक्सवॅगन, 2010 ला महिंद्रा असे मोठे कारखाने तिथे उभे राहिले. जमीन, जुने सप्लायर, सरकारी सवलती हे सगळं होतंच पण बंदर अर्ध्या दिवसाच्या आत नसतं तर एवढं जमलं नसतं.

आता वेळ म्हणजे सरासरी वेळ नाही हां. समजा तुमची गाडी कस्टमरकडे रोज अडीच तासात पोचते, तर काही त्रास नाही, अडीच तास आधी सोडा. पण कधी दोन तास आणि कधी पाच तास लागत असतील तर कस्टमर तुम्हाला एका शिफ्टचा माल जास्तीचा ठेवायला सांगणारच, कारण त्याची लाइन थांबली की तो मिनिटाच्या हिशोबाने पैसे लावतो. तो जास्तीचा माल म्हणजे अडकलेलं भांडवल, जास्तीच्या ट्रॉल्या आणि माल ठेवायचे क्रेट, आणि ते ठेवायला जास्तीची जागा, म्हणजे ज्या जागेचं भाडं वाचवायला निघालात तीच परत भाड्याने घेताय. चाकणचा तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक संध्याकाळी बघा, शंभर किलोमीटरचा हायवे मोकळा असतो आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दिवस जातो.

शिरवळ कोणासाठी चांगलं? कास्टिंग (ओतीव कच्चा भाग) कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येत असेल आणि कस्टमर सातारा, कोल्हापूर, बेंगळुरूच्या बाजूला असेल तर बिनधास्त जा, बाहेरगावचा माल पुण्यात शिरतच नाही, आणि कास्टिंगचा कच्चा वजनदार माल तुमच्याकडे आधीच उतरतो, पुढे हलका होऊन जातो. पण कस्टमर चाकणचा असेल तर रोज कात्रज, नवले पूल, वाकड, देहूरोड असा सगळा बायपास ओलांडायचा. चांदणी चौकातला नवा पूल 2023 ला सुरू झाल्यापासून तिथला त्रास बराच कमी झालाय पण नवले पुलाच्या उतारावर एक अपघात झाला की मागे किती वेळ थांबायचं याला काही नेम नाही.

सुपे नकाशावर लांब दिसतं पण चाकणसाठी ते मला शिरवळपेक्षा वाईट वाटत नाही, कारण शिरूर, रांजणगाव करत शिक्रापूरला उजवीकडे वळलं की थेट चाकण, वाघोलीची गर्दी टळते. अडचण शिक्रापूर-चाकण-तळेगाव या रस्त्याची आहे, एवढ्या अवजड वाहतुकीला तो पुरत नाही, आणि तुमची एक्स्पोर्टची गाडी पण त्याच रस्त्याने एक्स्प्रेसवेला जाणार. रांजणगावचा कस्टमर असेल तर मात्र सुपे सोन्यासारखं आहे.

एक्स्पोर्टच्या चौकशीबद्दल थोडक्यात. पूर्ण कंटेनर भरत असेल तर फॅक्टरीत भरून सील करता येतो, तळेगावला आयसीडी (बंदराबाहेरचा कस्टम्सचा कंटेनर डेपो) पण आहे. पण जहाजाच्या कट-ऑफच्या (माल बंदरात पोचवायच्या शेवटच्या) दिवशीच गाडी सोडायचा प्लॅन करू नका. पावसाळ्यात घाटात दरड येते, जोडून सुट्ट्या आल्या की एक्स्प्रेसवेवर अवजड गाड्यांना काही तास बंदी घालतात, आणि जहाज चुकलं की पुढचे सगळे खर्च तुमच्याच अंगावर. एक दिवस हातात ठेवाच.

टोकन द्यायच्या आधी एवढं करा. दोन्ही गावांतून ज्यांच्या गाड्या चाकणला जातात अशा दोघा-तिघा ट्रान्सपोर्टरकडून महिन्याभराचा जीपीएस लॉग मागा, फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये नाक्यावरची वेळ पण मिळते, ओळखीचा माणूस नाही म्हणत नाही. सरासरी काढू नका, सगळ्यात वाईट चार-पाच दिवस काढा, त्यात शनिवार संध्याकाळ आणि पगाराच्या आसपासचे दिवस धरा. मग सगळा जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम), प्लेटिंगपासून ग्राइंडिंगपर्यंत, नव्या जागेतून भोसरीला नेऊन परत आणायला महिन्याला किती फेऱ्या होतात ते लिहा, आणि रात्री दहाला गाडी लागली तर किती वेळात मिळते हे तिथल्याच एखाद्या युनिटच्या डिस्पॅचवाल्याला विचारा, मालकाला नको, त्याला ते माहीत नसतं.

कास्टिंग कुठून येतं आणि डिस्पॅचचा सगळ्यात मोठा हिस्सा कोणत्या कस्टमरकडे जातो हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं इथेच सांगा, त्याशिवाय दोन्हीतलं एक नाव मी सांगणार नाही. आणि मधला पर्याय म्हणून भोसरीतला छोटा गाळा फिनिशिंग आणि डिस्पॅचसाठी ठेवून फक्त रफ मशिनिंग बाहेर हलवता येतं का तेही बघा, चाकणला माल देणाऱ्या माझ्या ओळखीच्या दोन युनिटनी तसंच केलंय आणि दोन्ही चालू आहेत.